‘भग्न’ आणि ‘जीर्ण’ : बाल्टिमोरच्या रेल्वे-संग्रहालयाची पुनरुभारणी आणि सार्वजनिक निधी

१

फेब्रुवारी २००३ च्या मध्यास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठी हिमवृष्टी झाली. बाल्टिमोरच्या विमानतळावर त्या वादळात २८·२ इंच बर्फाची नोंद झाली. एकाच वादळात इतका बर्फ पडल्याची नोंद तोपर्यंत तेथे नव्हती. दि. १६ व १७ यांमधील रात्री त्या बर्फाच्या भाराखाली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे-संग्रहालयाच्या राऊंडहाऊसचे सुमारे अर्धे छप्पर कोसळले. आत उभी असलेली एकोणिसाव्या शतकातील इंजिने व डबे लोखंड, लाकूड आणि बर्फ यांच्या ढिगाखाली सापडले. रात्रीची वेळ असल्याने मनुष्यहानी झाली नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात या लोहमार्गाच्या १७५ वर्षांचा मोठा उत्सव योजलेला होता. तो रद्द करावा लागला. पुढे विम्याची रक्कम, सार्वजनिक अनुदाने आणि खाजगी देणग्या यांच्या आधाराने इमारत पुन्हा उभी राहिली आणि १३ नोव्हेंबर २००४ रोजी, म्हणजे अपघातानंतर एकवीस महिन्यांनी, संग्रहालयाचे दरवाजे पुन्हा उघडले.

या घटनेकडे सामान्यतः एक यशोगाथा म्हणून पाहिले जाते, आणि ते चुकीचे नाही. परंतु तीमधून उद्भवणारा मूळ प्रश्न यशाच्या आनंदात झाकला जातो. ऐतिहासिक वास्तूला इजा झाल्यावर सरकारने पैसा द्यावा की नाही, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो आणि त्याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. सार्वजनिक निधी वस्तूच्या कोणत्या अवस्थेला ओळखतो आणि कोणत्या अवस्थेकडे पाठ फिरवतो, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत शोधण्यापूर्वी निधीविषयक कायद्यांच्या आणि आवाहनांच्या भाषेत शोधले पाहिजे. कारण अनुदान मिळते ते वस्तूला नव्हे, वस्तूच्या वर्णनाला. अर्जात जे क्रियापद बसते त्यालाच पैसा मिळतो.

२

प्रथम या वास्तूचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घ्यावयास हवे. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे कंपनीला मेरीलँडच्या विधिमंडळाने २८ फेब्रुवारी १८२७ रोजी सनद दिली. ४ जुलै १८२८ रोजी तिच्या पायाचा दगड चार्ल्स कॅरोल यांच्या हस्ते बसवण्यात आला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी त्या वेळी हयात असलेले ते एकटेच होते. १८३० च्या मे महिन्यात बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स हा सुमारे १३ मैलांचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. या उद्योगाला ‘खाजगी’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्याच्या आरंभीच्या भागभांडवलात मेरीलँड राज्य आणि बाल्टिमोर शहर या दोघांचाही पैसा होता. म्हणजे संग्रहालयासाठी सार्वजनिक निधी मागितला गेला तेव्हा काही नवीन घडत नव्हते. ज्या लोहमार्गाच्या स्मृतीसाठी तो मागितला गेला, तो मार्गच मुळात सार्वजनिक पैशाच्या हातभाराने सुरू झालेला होता.

राऊंडहाऊस म्हणजे मध्यभागी फिरते टर्नटेबल आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे रूळ असलेली गोलाकार शेड. माउंट क्लेअर येथील हे राऊंडहाऊस एफ्राइम फ्रान्सिस बॉल्डविन या वास्तुशिल्पज्ञाने आखले आणि ते १८८४ मध्ये पूर्ण झाले. ते वस्तुतः बावीस बाजूंचे आहे. त्याचा व्यास दोनशे फुटांहून अधिक असून मध्यावरील शिखराची उंची शंभर फुटांहून अधिक आहे. आज ते भव्य मंदिरासारखे भासते. परंतु ते बांधले गेले प्रवासी डब्यांच्या दुरुस्तीसाठी. ही गोष्ट या विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल. कंपनीने ४ जुलै १९५३ रोजी तेथे संग्रहालय उघडले. १९६१ मध्ये माउंट क्लेअरला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आणि १९९० मध्ये संग्रहालय रेल्वे कंपनीपासून वेगळे होऊन, नफ्याच्या हेतूशिवाय चालणारी स्वतंत्र संस्था बनले. छप्पर कोसळले तेव्हा त्याच्यामागे ना सरकारी खाते होते, ना पूर्वीची मालक कंपनी.

येथे तुलनेसाठी इतर दोन व्यवस्था पाहाव्यात. इंग्लंडमधील यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालय १९७५ मध्ये उघडले ते शासनपोषित विज्ञान-संग्रहालयाचा भाग म्हणून. जर्मनीतील न्यूरेंबर्गचे रेल्वे-संग्रहालय रेल्वे कंपनीच्याच आश्रयाखाली आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले ते रेल्वे मंत्रालयाच्या अधिकारात. या तिन्ही ठिकाणी निगा राखण्याचे कर्तव्य निदान कागदावर कोणाचे तरी आहे. बाल्टिमोरच्या व्यवस्थेत मात्र दरवर्षीची निगा हे संस्थेचे घरचे काम ठरते आणि आपत्ती हा सर्वांचा विषय ठरतो. सार्वजनिक निधीचे चिकित्सक परीक्षण करण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरते ते यामुळेच.

३

अशा कार्यासाठी मराठीत सहज सुचणारा शब्द म्हणजे ‘जीर्णोद्धार’. या सामासिक शब्दाची फोड अर्थपूर्ण आहे. ‘जीर्ण’ हे ‘जॄ’ या धातूपासूनचे भूतकालवाचक धातुसाधित. त्याचा अर्थ झिजलेले, वयाने क्षीण झालेले. ‘उद्धार’ म्हणजे वर उचलणे. म्हणून ‘जीर्णोद्धार’ म्हणजे काळाने झिजलेल्या वस्तूला पुन्हा उभारी देणे. वस्त्र जीर्ण होते, पोथी जीर्ण होते, शरीर जीर्ण होते. महिनोन्‌महिने अंगात मुरलेल्या तापालाही ‘जीर्णज्वर’ म्हणतात. या सर्व प्रयोगांत समान अंश एकच : क्षय हळूहळू, सतत आणि बहुधा अलक्षितपणे होत असतो.

याउलट ‘भञ्ज्’ धातूपासून सिद्ध झालेला ‘भग्न’ हा शब्द एका घटनेचा निर्देश करतो. मूर्ती भग्न होते ती एका आघाताने. तिथी सांगता येते, कारण सांगता येते, पूर्वी आणि नंतर अशी रेषा ओढता येते. बाल्टिमोरचे छप्पर त्या रात्री भग्न झाले. ते जीर्ण होते की नव्हते हा वेगळा प्रश्न आहे आणि विक्रमी बर्फाच्या भारासमोर त्याचे उत्तर कोणावर दोष ठेवण्यासाठी वापरणे अन्यायाचे होईल. परंतु दोन अवस्था वेगळ्या आहेत ही गोष्ट मराठीच्या या दोन शब्दांतून जितकी स्वच्छ दिसते, तितकी ती निधीच्या चर्चेत दिसत नाही. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द सर्वत्र वापरला जातो, पण पैसा येतो तो बहुधा ‘भग्ना’च्या उद्धारासाठी.

या भेदाला व्याकरणाच्या परिभाषेतही मांडता येते. काळ आणि क्रियाव्याप्ती या दोन कोटी भिन्न आहेत. ‘छप्पर दुरुस्त केले’ यात क्रिया पूर्ण झालेली, एकसंध घटना म्हणून दिसते. ‘छप्पर दुरुस्त करत राहिले’ यात ती चालू असलेली, अंतर्गत टप्पे असलेली प्रक्रिया म्हणून दिसते. मराठीत ‘राहणे’, ‘ठेवणे’, ‘राखणे’ ही क्रियापदे या दुसऱ्या व्याप्तीचा भार वाहतात. ‘निगा राखणे’ ही क्रिया पूर्ण होऊच शकत नाही. ती थांबते किंवा चालू राहते. निधीची भाषा पूर्ण व्याप्तीची आहे, तर संग्रहालयाचे जीवन अपूर्ण व्याप्तीचे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

४

अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंविषयीची परिभाषा बारकाईने घडवलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याच्या छत्राखाली तेथील अंतर्गत व्यवहार खात्याने जी मानके प्रसिद्ध केली, त्यांत चार उपचारांचा स्पष्ट भेद केला आहे. ‘प्रिझर्व्हेशन’ म्हणजे आज उभे आहे ते रूप आणि द्रव्य टिकवणे. यास ‘परिरक्षण’ म्हणता येईल. ‘रिहॅबिलिटेशन’ म्हणजे वास्तूचे वैशिष्ट्य राखून तिला सुसंगत वापरासाठी योग्य करणे. यास ‘पुनर्वसन’ हा शब्द चालणार नाही, कारण मराठीत तो धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसांशी जोडला गेला आहे; येथे ‘उपयोजन’ हा शब्द वापरला आहे. ‘रेस्टोरेशन’ म्हणजे वास्तू एका निश्चित कालखंडात जशी दिसत होती तशी दाखवणे आणि त्यासाठी इतर काळांतील भर काढून टाकणे, हे ‘पूर्वरूपस्थापन’. ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे जे आज अस्तित्वात नाही ते नव्याने बांधून त्याचे पूर्वीचे रूप दाखवणे; ही ‘पुनर्बांधणी’.

हा चतुर्विध भेद राऊंडहाऊसला लावून पाहिला म्हणजे एक चमत्कारिक स्थिती दिसते. उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागावर झाले ते परिरक्षण. कोसळलेला अर्धा भाग नव्याने बांधला गेला, ती पुनर्बांधणी. आज बांधल्या जाणाऱ्या कोणत्याही छपराने आजच्या नियमांतील बर्फाचा भार सोसला पाहिजे, म्हणून जे बळकटीकरण अपरिहार्य असते ते उपयोजनात मोडते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला १८८४ चे रूप दिसावे हा आग्रह पूर्वरूपस्थापनाचा. एकाच छपराखाली चारही उपचार नांदतात. परंतु जाहीर आवाहनांत आणि वृत्तांत या सर्वांना सामान्यतः ‘रेस्टोरेशन’ हा एकच शब्द लावला जातो.

हा केवळ शब्दांचा ढिसाळपणा म्हणून सोडून देता येणार नाही. ‘पूर्वरूपस्थापन’ या शब्दात एक आश्वासन दडलेले आहे : होते तसे पुन्हा झाले. करदात्याच्या पैशातून काम झाले असेल तर त्याला कळले पाहिजे की डोक्यावरील कोणती तुळई १८८४ ची आणि कोणती २००४ ची. चार शब्दांचा भेद खात्याच्या पुस्तिकेत आहे, पण तो प्रेक्षकाच्या नजरेसमोर नाही. सार्वजनिक निधीच्या अटींत ही एक अट असणे अवघड नव्हते : जुने आणि नवे यांची सीमा जागेवरच दर्शवावी. पुराणवस्तुशास्त्रात आणि पाठचिकित्सेत हीच शिस्त आहे. हस्तलिखितातील गळालेली अक्षरे संपादक चौकटी कंसात भरतो. तो ती गुपचूप भरून ‘मूळ पाठ’ म्हणून छापत नाही.

५

आता निधीच्या मार्गांकडे वळावे. पहिला मार्ग विम्याचा. मालमत्तेच्या विम्याची रूढ भाषा ‘आकस्मिक’ हानीला भरपाई देते आणि झीज, गंज, कुजणे यांना वगळते. भग्न आणि जीर्ण यांतील भेद येथे अक्षरशः करारात उतरलेला आहे. विमा हा व्यापारी करार असल्याने यात गैर काही नाही; झिजण्याची जोखीम कोणताच विमेदार घेणार नाही. परंतु विमा जे वगळतो ते उचलणे हेच सार्वजनिक निधीचे कार्य असावयास हवे होते. प्रत्यक्षात सार्वजनिक निधीही त्याच वळणाने जातो.

याचे स्पष्ट उदाहरण अमेरिकेच्या वाहतूक कायद्यांत सापडते. १९९१ च्या संघीय वाहतूक कायद्याने रस्त्यांसाठी राज्यांना मिळणाऱ्या निधीच्या एका प्रमुख भागातील दहा टक्के रक्कम ‘वाहतूक-संवर्धना’च्या कामांसाठी राखून ठेवली. या कामांच्या यादीत ऐतिहासिक वाहतूक-इमारतींची दुरुस्ती ‘आणि चालवणे’ असे शब्द होते व रेल्वे-सुविधांचा त्यांत नावाने उल्लेख होता. १९९८ च्या कायद्याने यादी वाढवली आणि तीत वाहतूक-संग्रहालयांची ‘स्थापना’ ही नवी बाब घातली. २०१२ च्या कायद्याने यादीची पुन्हा रचना केली; तेव्हा संग्रहालयांची ‘स्थापना’ गेली आणि ऐतिहासिक सुविधांबाबत ‘जतन व दुरुस्ती’ एवढेच शब्द उरले. ‘चालवणे’ हा शब्द गळाला.

या तीन पाठांची तुलना एखाद्या ग्रंथाच्या तीन आवृत्त्यांप्रमाणे केली पाहिजे. १९९८ मध्ये संग्रहालयासाठी जे नाम निवडले गेले ते ‘स्थापना’. स्थापना हे आरंभाचे नाम आहे. नवे संग्रहालय स्थापन करता येते. स्थापन झालेले संग्रहालय दरवर्षी स्थापन करता येत नाही. ज्या संग्रहालयाला त्या वेळी पंचेचाळीस वर्षे झाली होती त्याच्या रोजच्या निगेला त्या नामात जागा नव्हती. यादीत अपूर्ण व्याप्तीचे एकच क्रियापद होते, ‘चालवणे’. आणि तेही एका प्रकल्पाच्या चौकटीत बसवलेले होते, कारण त्या योजनेत पैसा वर्षासाठी नव्हे, मंजूर कामासाठी दिला जाई आणि खर्च झाल्यावर परत मिळे. पुढच्या संपादनात गळाला तो नेमका हाच शब्द. सर्वच संक्षेप हेतुपूर्वक असतात असे नाही. तथापि कोणता शब्द अनावश्यक वाटला यावरून संपादकाची दृष्टी कळते.

दुसरे उदाहरण १९९८ पासूनच्या ‘सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स’ या संघीय योजनेचे. तिच्या अनुदानाला तितक्याच रकमेची जोड अर्जदाराने द्यावी लागते. वस्तूचे महत्त्व राष्ट्रीय असावे लागते. आणि तिच्यावरील संकट दाखवावे लागते. योजनेच्या नावातच ‘वाचवणे’ हे क्रियापद आहे. वाचवण्यासाठी आधी बुडावे लागते. जी संस्था आपले छप्पर इतके चांगले राखते की संकट येतच नाही, तिला या क्रियापदाच्या कक्षेत शिरणे कठीण. शिवाय २०११ नंतर काही वर्षे या योजनेला नवा निधीच मिळाला नाही. म्हणजे वाचवणारा हातही अखंड नव्हता.

या सर्वांहून अधिक विचार करण्यासारखी गोष्ट मेरीलँडच्या राज्यपातळीवरील प्रथेत आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेला मेरीलँड हिस्टॉरिकल ट्रस्ट भांडवली अनुदान देताना त्या वास्तूवर संरक्षणाचा सुविधाधिकार मागतो. याचा अर्थ असा की मालकाने वास्तूचे ऐतिहासिक रूप बिघडवू नये, ती सुस्थितीत ठेवावी. आणि हे बंधन बहुधा कायमचे असते. यामागील हेतू उत्तम आहे : लोकांचा पैसा एकदा लागला की लोकांचा हक्क लागावा. परंतु कराराच्या दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की विषमता उघड होते. शासनाचे कर्तव्य पूर्ण व्याप्तीचे : ‘दिले’. संस्थेचे कर्तव्य अपूर्ण व्याप्तीचे : ‘राखत राहील’. एका वेळच्या अनुदानाच्या मोबदल्यात निरंतर कर्तव्य विकत घेतले जाते आणि ते पार पाडण्याचे साधन मात्र पुरवले जात नाही. श्रीमंत संस्थेला हे पेलते. गरीब संस्था पुढच्या संकटाची वाट पाहते, कारण संकट हेच तिच्या हाती असलेले एकमेव पात्रतेचे प्रमाणपत्र.

६

छपरापेक्षाही बोलका इतिहास आतील इंजिनांचा आहे. इमारत एकवीस महिन्यांत उघडली. परंतु जखमी झालेल्या इंजिनांची दुरुस्ती त्यानंतर अनेक वर्षे चालू राहिली आणि तिच्यासाठी वेगळा पैसा उभारावा लागला. उद्घाटनाची तारीख इमारतीला असते, बॉयलरच्या पत्र्याला नसते. त्यामुळे पहिल्याला निधी लवकर मिळतो.

जखमी इंजिनांत १८६३ चे ‘थॅचर पर्किन्स’ आणि १८७५ चे ‘जे. सी. डेव्हिस’ ही दोन विशेष नावाजलेली होती. ही नावे कोणाची? दोघेही कंपनीच्या यंत्रविभागाचे मुख्य अधिकारी. इंजिनांना अधिकाऱ्यांची नावे द्यावीत हे त्या काळाला धरूनच होते. परंतु राऊंडहाऊस ही दुरुस्तीची शेड होती हे येथे आठवावे. तेथे सुतार, लोहार, रंगारी, गादीकाम करणारे राबत. १८७७ च्या जुलैत याच कंपनीने दहा टक्के वेतनकपात केल्यावर तिच्या मार्गावर जो संप सुरू झाला तो देशभर पसरला आणि बाल्टिमोरच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर सात वर्षांनी हे राऊंडहाऊस उभे राहिले. ‘राष्ट्रीय महत्त्व’ या पात्रतेच्या शब्दप्रयोगात अधिकाऱ्याच्या नावाचे इंजिन अनायासे बसते. ते दुरुस्त करणाऱ्या हातांची स्मृती बसवण्यास अधिक प्रयत्न लागतात. विशेषनाम असलेल्या वस्तूकडे निधी ओढला जातो आणि सामान्यनाम असलेली वस्तू मागे राहते.

न्यूरेंबर्गच्या घटनेने हेच दुसऱ्या बाजूने सिद्ध होते. १७ ऑक्टोबर २००५ रोजी तेथील संग्रहालयाच्या इंजिन-शेडला आग लागली आणि वीसहून अधिक जुनी इंजिने होरपळली. त्यांत ‘आडलर’ ही होते. जर्मनीत धावलेल्या १८३५ च्या मूळ इंजिनाची ती १९३५ मध्ये केलेली प्रतिकृती होती. मायनिंगनच्या कारखान्यात तिची पुन्हा उभारणी होऊन ती २००७ मध्ये परत धावू लागली. आगीत सापडलेली काही अस्सल इंजिने मात्र भंगारात गेली. अस्सल गेले आणि प्रतिकृती जगली, यात विसंगती वाटते. परंतु ती निषेधार्ह आहेच असे नाही. सत्तर वर्षे लोकांनी ज्या प्रतिकृतीवर प्रेम केले तिलाही स्वतःचा इतिहास असतो. बाल्टिमोरच्या संग्रहातही १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी मेजर पँगबॉर्न यांनी करवून घेतलेली पूर्णाकृती लाकडी नमुना-इंजिने आहेत, आणि पीटर कूपर यांच्या १८३० च्या ‘टॉम थंब’चे जे रूप प्रेक्षक पाहतात तेही कंपनीच्या १९२७ च्या शताब्दी-प्रदर्शनासाठी बनवलेले. नक्कल जुनी झाली की पुरावा बनते; मात्र ती मूळ वस्तूचा नव्हे, तर त्या काळी मुळाविषयी असलेल्या समजुतीचा पुरावा असते. म्हणून ‘अस्सल तेवढेच राखावे’ हा नियम अपुरा आहे. नियम असावयास हवा तो असा : काय राखले, का राखले आणि त्यात नवे किती, हे राखणाऱ्याने सांगावे.

७

सार्वजनिक निधीला असलेला गंभीर आक्षेप येथे टाळून चालणार नाही. बाल्टिमोर हे श्रीमंत शहर नव्हे. १९५० मध्ये त्याची लोकसंख्या ९,४९,७०८ होती; २००० मध्ये ती ६,५१,१५४ पर्यंत उतरली आणि २०२० मध्ये ५,८५,७०८ झाली. उद्योग गेले, वस्ती ओसरली, घरे रिकामी पडली. अशा शहरात शाळेचे छप्पर गळत असता संग्रहालयाच्या छपरासाठी सरकारी तिजोरी उघडावी काय, असा प्रश्न विचारणारा मनुष्य इतिहासाचा शत्रू ठरत नाही. या आक्षेपाला ‘वारसा अमूल्य आहे’ असे उत्तर देणे म्हणजे उत्तर न देणे होय. कारण अमूल्य वस्तूचाही दुरुस्तीखर्च रुपये-आण्यांतच मोजावा लागतो.

‘पर्यटनाने पैसा परत येतो’ हे नेहमीचे दुसरे उत्तरही पुरेसे नाही. ते खरे असेल तेथे पर्यटकच पैसा देतील. खरे नसेल तेथे संग्रहालय बंद पडणे त्याच युक्तिवादाने समर्थनीय ठरेल. या आक्षेपाला खरे उत्तर वेगळ्या दिशेने द्यावे लागते. आपत्तीनंतर एकदम द्यावी लागणारी मोठी रक्कम आणि आपत्तीपूर्वी दरवर्षी दिलेली लहान रक्कम यांत पहिली शाळेच्या तोंडचा घास अधिक हिरावते, कारण ती अनपेक्षित असते आणि भावनेच्या भरात मंजूर होते. दुसरी रक्कम अंदाजपत्रकात दिसते, तिच्यावर दरवर्षी चर्चा होते, ती कमी-अधिक करता येते. म्हणजे गरीब शहराच्या दृष्टीनेही ‘जीर्णा’साठी नियमित निधी हा ‘भग्ना’साठीच्या आकस्मिक निधीपेक्षा अधिक लोकशाही मार्ग आहे. संकटाच्या छायेत मतदान झाले की नकार देणे क्रूर वाटते. जेथे नकार देता येत नाही तेथे दिलेली संमतीही खरी नसते. हिमवादळ कोणीच थोपवू शकत नाही, आणि नियमित निधी असता तर बाल्टिमोरचे छप्पर वाचले असते असा दावा करण्याचेही कारण नाही. दावा एवढाच की छपराची वार्षिक पाहणी हे काम सार्वजनिक हिताचे असेल, तर ते छप्पर पडण्यापूर्वीही सार्वजनिक हिताचे असते.

८

मराठी अभ्यासकाला या चर्चेत आपल्या भाषेच्या भांडारातून एक उपयुक्त परिभाषा आणता येईल. अहिल्याबाई होळकर यांनी अनेक देवस्थानांचे जीर्णोद्धार केले. काशी विश्वेश्वराचे १७८० च्या सुमारास पूर्ण झालेले मंदिर हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन खाती होती, आणि बाईंचा हा धर्मादाय खर्च खासगीतून होत असे. सार्वजनिक तिजोरी आणि स्वतःचे उत्पन्न यांतील सीमा त्या काळीही ओळखली जात होती ही एक गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची. जुन्या मराठी दप्तरांत दानाची जी परिभाषा आढळते ती निव्वळ बांधकामाची नाही. ‘वर्षासन’, ‘नेमणूक’, ‘नंदादीप’, ‘दिवाबत्ती’ या शब्दांत दान हे कालावधीसह कल्पिलेले आहे. ‘वर्षासन’ दरवर्षी पोचावयाचे. ‘नंदादीप’ विझू द्यावयाचा नाही. देऊळ बांधणारा बांधून मोकळा होत नसे. तेलाची सोय लावल्याखेरीज दान पुरे झाले असे मानले जात नसे.

या व्यवस्थेचे गौरवीकरण मात्र करू नये. ती वंशपरंपरेने आणि जातीने बांधलेली होती; तिच्यात कर्तव्य मागे पडून हक्क तेवढा शिल्लक राहण्याची प्रवृत्ती होती. १८५२ च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन नेमून या हक्कांची छाननी केली ती आपल्या महसुलासाठीच, हे खरे. परंतु तपासणीवाचून चालणारे कायमचे दान कोठे जाते, हेही त्या इतिहासात दिसते. म्हणून घ्यावयाचे ते वर्षासनाचे व्याकरण, त्याची समाजरचना नव्हे. नियमितपणाला हिशेबाची आणि मुदतीनंतरच्या फेरविचाराची जोड हवी.

एवढ्यावरून बाल्टिमोरच्या पुनरुभारणीविषयीचा निष्कर्ष मांडता येतो. संग्रहालय उभे राहिले हे चांगले झाले, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा लागला हेही योग्य झाले. आक्षेपार्ह आहे ती पैशामागची भाषा. तिला ‘स्थापना’, ‘वाचवणे’, ‘पूर्वरूपस्थापन’ ही एकेका दिवशी पुरी होणारी क्रियापदे येतात. ‘राखणे’ येत नाही, आणि ‘चालवणे’ येत होते ते ती विसरली. तीन दुरुस्त्या या टीकेतून निघतात. सुविधाधिकार कायमचा मागावयाचा असेल, तर त्यासोबत निगेसाठी मुदतीचे वार्षिक अनुदान द्यावे. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामात जुने आणि नवे यांची सीमा प्रेक्षकाला जागेवर दाखवावी. आणि पात्रतेच्या अटींत संकटाच्या पुराव्याबरोबर निगेच्या पुराव्यालाही गुण द्यावेत, म्हणजे चांगली राखण हा अर्जदाराचा दोष ठरणार नाही.

बाल्टिमोर अँड ओहायोच्या सनदेचे दोनशेवे वर्ष २०२७ मध्ये पूर्ण होते. शताब्दीला प्रदर्शन झाले आणि त्यातून संग्रह वाढला. १७५ व्या वर्षाचा उत्सव छपराखाली गाडला गेला. द्विशताब्दीच्या निमित्ताने पैसा येईल, नव्या कोनशिला बसतील, फिती कापल्या जातील. त्या खर्चाच्या यादीत छपरावर चढून दरवर्षी खिळे आणि जोड तपासणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ आहे की नाही, एवढे पाहिले तरी या निधीची परीक्षा होईल.